खाऱ्या पाण्यातला सहकार : सर डॅनियल हॅमिल्टन

१९३६ साली बंगालच्या दक्षिण टोकाला, सुंदरबनातील गोसाबा बेटावर एक रुपयाची एक आगळी नोट हातोहाती फिरू लागली. ती सरकारी छापखान्यातून आलेली नव्हती, की कोणत्या बड्या बँकेने काढलेली नव्हती. नोटेवर सही होती ती बेटाचे जमीनदार सर डॅनियल हॅमिल्टन यांची. ही नोट घेऊन बेटावरील सहकारी भांडारात गेले की तिच्या बदल्यात रुपयाचा तांदूळ, कापड, तेल किंवा अन्य जिन्नस मिळत असे. सोन्याचांदीच्या साठ्याचे पाठबळ तिला नव्हते. तिच्यामागे उभे होते ते बेटावर राबणाऱ्या माणसांचे श्रम. कलकत्त्यातील एका मातब्बर जहाज कंपनीचे प्रमुख राहिलेल्या या स्कॉटिश गृहस्थांनी वयाच्या पंचाहत्तरीत हा खटाटोप का केला, याचे उत्तर त्यांच्या साऱ्या आयुष्यात शोधावे लागते.

गरिबाला तारणाविना कर्ज, गावातच रोजगार, छोट्या उद्योगांना हात, दुर्गम भागातील तरुणांना प्रशिक्षण ही भाषा आता स्वयंसेवी संस्थांच्या कामकाजात रुळली आहे. २००६ साली बांगलादेशातील मुहम्मद युनूस आणि त्यांच्या ग्रामीण बँकेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा सूक्ष्म कर्जाची कल्पना जगभर पोहोचली. मात्र त्याच बंगालच्या त्रिभुज प्रदेशात, सुमारे नऊ दशके आधी, एका परक्या माणसाने या कल्पनेचे बी रोवले होते. ते उगवले कसे आणि पुढे वाळले कसे, या दोन्ही गोष्टी जाणून घेण्याजोग्या आहेत.

बेटावरचा मुलगा

डॅनियल मॅकिनन हॅमिल्टन यांचा जन्म १८६० सालचा. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे आरन बेट ही त्यांची जन्मभूमी. या बेटाच्या आठवणी सुखाच्या नव्हत्या. मेंढपाळीसाठी मोठी कुरणे हवीत म्हणून जमीनदारांनी लहान कुळांना घराबाहेर काढण्याचे सत्र स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आणि बेटांवर अनेक वर्षे चालले. आरनवरील कित्येक कुटुंबांना १८२९ साली गाव सोडून कॅनडाची वाट धरावी लागली होती. जमिनीवाचून आणि पतीवाचून माणूस कसा निराधार होतो, याची साक्ष त्या बेटाच्या इतिहासातच होती.

स्कॉटलंडने जगाला दिलेली आणखी एक गोष्ट हॅमिल्टन यांच्या मनावर पक्की कोरली गेली. ती म्हणजे तेथील बँकांची पतपद्धती. १७२८ साली एडिंबरोच्या रॉयल बँकेने कॅश क्रेडिटची सोय सुरू केली. हाताशी मालमत्ता नसली तरी दोन भरवशाचे जामीनदार देऊ शकणाऱ्या माणसाला ठरलेल्या मर्यादेपर्यंत रक्कम उचलता येत असे. जोडीला एक पौंडाची कागदी नोट होतीच. १८२६ साली लंडनच्या सरकारने पाच पौंडांखालील नोटा बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांच्यासारख्या कादंबरीकाराने तिच्या बचावासाठी लेखणी उचलली आणि स्कॉटलंडपुरता तो बेत मागे घ्यावा लागला. माणसाचे चारित्र्य आणि कष्ट हेच तारण मानणाऱ्या या व्यवस्थेमुळे आपला दरिद्री देश सधन झाला, अशी हॅमिल्टन यांची जन्मभर धारणा राहिली.

मुंबईत पाऊल

१८८०च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर, हॅमिल्टन मुंबईत उतरले ते मॅकिनन मॅकेंझी या कंपनीच्या नोकरीसाठी. सर विल्यम मॅकिनन यांनी उभारलेली ही पेढी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या बलाढ्य जहाज कंपनीचा कारभार पाहत असे. हिंदी महासागरातील बंदरे एकमेकांना जोडणाऱ्या आगबोटींचे जाळे तिच्या हाती होते.

हॅमिल्टन मुंबईत आले तो काळ महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठा खडतर होता. पाचच वर्षांपूर्वी, १८७५ साली, पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे उसळले होते. सुप्यापासून पेटलेल्या त्या वणव्यात शेतकऱ्यांनी कर्जरोख्यांच्या होळ्या केल्या. १८७६ ते १८७८ या काळात दुष्काळाने दख्खन होरपळून निघाली आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. भारतातील ग्रामीण कर्जबाजारीपणाचा प्रश्न सरकारदरबारी ऐरणीवर आला तो या घडामोडींनंतर. त्याचीच पुढची परिणती म्हणजे १९०४चा सहकारी पतसंस्था कायदा.

मुंबईहून हॅमिल्टन कलकत्त्याला गेले आणि कर्तबगारीच्या बळावर कंपनीच्या प्रमुखपदी पोहोचले. १९०६ साली त्यांना सर हा किताब मिळाला. अशा पदावरचा युरोपियन माणूस निवृत्तीनंतर मायदेशी इस्टेट घेऊन उरलेले आयुष्य शिकारीत आणि मेजवान्यांत घालवी, हा त्या काळचा प्रघात. हॅमिल्टन यांनीही स्कॉटलंडमध्ये बाल्माकारा येथे इस्टेट घेतली. पण भारतात मिळवलेला पैसा आणि निवृत्तीनंतरची बरीच वर्षे त्यांनी वाघ-मगरींच्या, खाऱ्या पाण्याच्या बेटांवर खर्ची घातली.

बांधाच्या आतले जग

१९०३ साली हॅमिल्टन यांनी सुंदरबनातील सुमारे ९ हजार एकर जमीन सरकारकडून पट्ट्याने घेतली. गोसाबा आणि रांगाबेलिया ही बेटे त्यात होती. पुढे सातजेलियाची भर पडली. कलकत्त्याहून रेल्वेने कॅनिंगपर्यंत यायचे आणि तेथून पुढे नावेने नद्यांच्या जाळ्यातून वाट काढायची, असा हा प्रवास. कॅनिंगचीही कथा बोलकी होती. कलकत्त्याला पर्याय म्हणून १८६०च्या दशकात मातला नदीवर वसवलेले हे बंदर १८६७च्या वादळानंतर सावरलेच नाही. निसर्गाला न जुमानता सुंदरबनात काही उभारले तर काय होते, याचा हा जवळचाच दाखला होता.

येथील बेटे भरतीच्या वेळी पाण्याच्या पातळीखाली जातात. त्यामुळे जंगल तोडण्याआधी बेटाभोवती मातीचा बांध घालावा लागतो. कोकणात खाजण जमिनी लागवडीखाली आणणाऱ्यांना हे तंत्र नवे नाही. फरक आहे तो आकाराचा. सुंदरबनात अख्खे बेटच बांधाच्या कडीत बसवावे लागते. बांध झाला की पावसाळ्यांमागून पावसाळे जाऊ द्यायचे, जमिनीतील मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन काढायचे, गोड्या पाण्यासाठी तळी खोदायची आणि मग कुठे भाताचे पहिले पीक पदरात पडते. तेही वर्षातून एकदाच. एखाद्या रात्री बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक होते.

अशा ठिकाणी वस्तीला कोण येणार? मेदिनीपूर, खुलना, जेसोर या भागांतील भूमिहीन शेतकरी आणि छोटा नागपूरच्या पठारावरील आदिवासी मजूर आले. घरी एकरभरही जमीन नसलेल्या या माणसांनी चिखलात उभे राहून बांध घातले, कित्येकांनी वाघाच्या आणि मगरीच्या तोंडी जीव गमावला. गोसाब्याच्या उभारणीत हॅमिल्टन यांचा पैसा आणि कल्पना होत्या हे खरे; पण घाम आणि रक्त या निनावी माणसांचे होते.

सावकाराला पर्याय

वाघ आणि मगर यांपेक्षाही हॅमिल्टन यांना भय वाटे ते महाजनाचे, म्हणजे सावकाराचे. पेरणीच्या तोंडावर कुळाने कर्ज घ्यायचे, सुगी झाली की सावकार ठरवील त्या भावाने धान घालून ते फेडायचे, उरलेले धान चार महिन्यांत संपले की पुन्हा त्याच्याच दारात उभे राहायचे, हे चक्र बंगालभर फिरत होते. जो कर्ज देई तोच धान विकत घेई आणि तोच मीठ, तेल, कापड विकी. हॅमिल्टन यांनी आपल्या बेटांवर सावकाराला आणि दारूला मज्जाव केला. कुळांचे तंटे कोर्टकचेरीत न जाता बेटावरच मिटावेत, असाही त्यांचा कटाक्ष होता.

नुसत्या मज्जावाने भागत नाही, याची मात्र त्यांना जाण होती. सावकार हटवायचा तर त्याने बजावलेली प्रत्येक भूमिका दुसऱ्या कोणीतरी पार पाडायला हवी. हॅमिल्टन यांचे वेगळेपण येथे दिसते. १९१५च्या सुमारास गोसाब्यात पहिली सहकारी पतसंस्था निघाली. आरंभी सभासद अवघे १५ होते आणि भांडवल म्हणून हॅमिल्टन यांनी दिलेले ५०० रुपये. सभासदांनी परस्परांना जामीन राहायचे, कर्ज शेतीच्या कामालाच वापरायचे आणि फेडीची जबाबदारी सर्वांनी मिळून घ्यायची, हा शिरस्ता. हळूहळू गावोगावी अशा संस्था झाल्या.

त्यापाठोपाठ ग्राहक भांडार आले. रास्त भावाने माल मिळू लागला. मग आदर्श शेती-क्षेत्र उभे राहिले. खाऱ्या जमिनीत कोणते वाण तग धरते, भाताखेरीज भाजीपाला आणि फळे कशी घेता येतील, याचे प्रयोग तेथे होऊ लागले. १९२०च्या दशकात धान विक्रीची सहकारी संस्था, पतसंस्थांची मध्यवर्ती सहकारी बँक आणि भातगिरणी या पुढच्या कड्या जोडल्या गेल्या. आता कुळाला बी घेण्यापासून तांदूळ बाजारात जाईपर्यंत कोठेही मध्यस्थाकडे जाण्याची गरज उरली नाही. कर्ज, खरेदी, प्रक्रिया आणि विक्री एका साखळीत गुंफल्याखेरीज सहकार टिकत नाही, हे सूत्र देशाच्या अन्य भागांत पुढे अनेकांना अनुभवाने उमगले. गोसाब्यात ते १९३०च्या आधीच प्रत्यक्षात उतरले होते. बेटांवर शाळा निघाल्या, दवाखाना सुरू झाला.

१९३४ साली हॅमिल्टन यांनी गोसाब्यात ग्रामीण पुनर्रचना संस्था काढली. शिकलेल्या बंगाली तरुणांची बेकारी हा त्या काळी गंभीर प्रश्न झाला होता. पदवी हातात, पण कारकुनीची जागा नाही, अशी त्यांची कोंडी होती. या तरुणांना शेती, विणकाम आणि अन्य ग्रामोद्योग यांचे शिक्षण द्यावे, सहकाराचा कारभार शिकवावा आणि खेड्यातच त्यांचे पोट भरेल अशी व्यवस्था करावी, हा संस्थेमागचा हेतू होता. खेड्यातून माणूस बाहेर पडू नये यासाठी खेड्यातच काम निर्माण करायचे, हे त्यांचे गणित होते.

श्रमाची नोट

एक रुपयाच्या नोटेचा प्रयोग हे या साऱ्या विचाराचे टोक. त्याला तत्कालीन परिस्थितीची पार्श्वभूमी होती. १९२९नंतरच्या जागतिक मंदीत धानाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातातील रोकड आटली आणि बंगालमधील बहुतेक सहकारी पतसंस्थांची कर्जे थकून त्यांचा गाडा रुतला. सरकारने पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, काढलेली एक रुपयाची नोट १९२६ साली बंद केली होती. ती पुन्हा यायला १९४० उजाडावे लागले. खेड्यात काम करायला हात होते, करण्याजोगे कामही होते. बांध दुरुस्त करायचे होते, तळी खोदायची होती, जंगल साफ करायचे होते. नव्हता तो मजुरी चुकवायला पैसा.

हॅमिल्टन यांचा युक्तिवाद सरळ होता. मजुराने बांध घातला तर जमीन वाचते, जमीन पिकली तर धान येते आणि ते धान भांडारात जमा होते. मग त्या कामाचा मोबदला भांडारातील मालावर हक्क सांगणाऱ्या कागदाने का देऊ नये? मजुराला नोट मिळे, तो ती भांडारात देऊन तांदूळ नेई आणि नोट पुन्हा इस्टेटीकडे परत येई. मधल्या काळात बेटाला एक बांध मिळालेला असे. हीच पद्धत सरकारने देशभर अवलंबावी आणि खेड्यांच्या उभारणीसाठी श्रमावर आधारलेले चलन काढावे, यासाठी त्यांनी भाषणे केली, लेख लिहिले. सरकारने त्यांचे म्हणणे मानले नाही. चलन भराभर वाढले आणि माल तेवढा नसला तर भाव भडकतात, ही सरकारी अर्थतज्ज्ञांची शंका निराधार नव्हती. एका बेटावर, जेथे नोट काढणारा, काम देणारा आणि भांडार भरणारा एकच असतो, तेथे जे साधते ते कोट्यवधींच्या देशात साधेलच असे नाही. तरीही मंदीच्या काळात लोकोपयोगी कामांवर खर्च करून रोजगार निर्माण करावा, हा विचार जगात मूळ धरत असताना सुंदरबनातील एका बेटावर त्याची चाचणी झाली, हे मान्य करावे लागते.

रवींद्रनाथांची भेट

ज्यांना खेड्यांच्या उद्धाराचा ध्यास होता, त्यांचे लक्ष गोसाब्याकडे वळणे स्वाभाविक होते. रवींद्रनाथ टागोर यांनी १९२२ साली श्रीनिकेतनची स्थापना करून ग्रामपुनर्रचनेचे काम हाती घेतले होते. हॅमिल्टन आणि त्यांच्यात पत्रव्यवहार होता. १९३२च्या डिसेंबरअखेर, सत्तरी ओलांडलेले रवींद्रनाथ नावेचा प्रवास करून गोसाब्याला आले आणि तेथे मुक्कामी राहिले. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांनीही १९३०च्या दशकात हे काम जवळून पाहिले. साम्राज्याच्या व्यापारातून श्रीमंत झालेला जमीनदार, राष्ट्रकवी आणि गांधीजींचा निकटवर्ती यांचे राजकारण एकमेकांशी जुळणारे नव्हते. सावकाराच्या पाशातून खेडे सोडवायचे, या एका मुद्द्यावर मात्र तिघांची वाट एक होत होती.

कर्ता गेल्यावर

हॅमिल्टन दांपत्याला अपत्य नव्हते. १९३९च्या डिसेंबरात सर डॅनियल यांचे निधन झाले, तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होऊन तीन महिने झाले होते. पुढची वर्षे बंगालसाठी भयानक ठरली. जपानी आक्रमणाच्या धास्तीने १९४२ साली सरकारने किनारपट्टीवरील नावा आणि धान्यसाठे ताब्यात घेतले. ज्या मुलखात नाव हाच रस्ता, तेथे दळणवळणच तुटले. १९४३च्या दुष्काळाने लाखो बळी घेतले. १९४७च्या फाळणीने सुंदरबनाचे दोन तुकडे झाले आणि १९५३च्या कायद्याने पश्चिम बंगालमधील जमीनदारी संपुष्टात आली.

यात गोसाब्याचा सहकार तगला नाही. नोट चलनातून गेली, भातगिरणी थंडावली, मध्यवर्ती बँकेचा दबदबा ओसरला. सगळा दोष परिस्थितीवर ढकलून मात्र चालणार नाही. सहकार म्हणजे सभासदांचा कारभार. गोसाब्यात तो वरून आलेला होता. पहिले ५०० रुपये जमीनदाराचे, बेटावरचे नियम जमीनदाराचे, नोटेवरची सहीही जमीनदाराची. कुळांना न्याय मिळाला, पण निर्णय घेण्याची सवय पुरेशी लागली नाही. हॅमिल्टन यांच्या सचोटीबद्दल शंका घ्यायला जागा नाही. त्यांच्या पश्चात तीच सचोटी कोणी आणि कशाच्या आधारावर जपायची, याची तजवीज मात्र अपुरी राहिली. संस्था चालवणारा हात गेला की संस्था डगमगते, हा अनुभव सहकाराच्या मुलखात राहणाऱ्या मराठी वाचकाला नवा नाही.

स्कॉटलंडमधील बाल्माकाराची वेगळी गत झाली. लेडी हॅमिल्टन यांनी ती इस्टेट १९४६ साली स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टकडे सोपवली. तेथे मालक गेला तरी सांभाळणारी संस्था उभी होती.

बेटांचा वारसा

तरी बी अगदीच वाया गेले असे म्हणता येत नाही. हॅमिल्टन यांच्याच जमिनीवरील रांगाबेलिया गावी १९६७ साली तुषार कांजीलाल हे शिक्षक मुख्याध्यापक म्हणून आले. मुले उपाशीपोटी शाळेत येतात, हे पाहून ते गावाच्या अर्थकारणाकडे वळले. टागोर सोसायटी फॉर रूरल डेव्हलपमेंट या स्वयंसेवी संस्थेमार्फत शेती, आरोग्य, महिलांचे उद्योग यांची कामे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी बीना कांजीलाल यांनी उभी केली. १९८६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० साली त्यांचे निधन झाले. या कामाचा पाया गावकऱ्यांचा, विशेषतः महिलांचा सहभाग हा होता. हॅमिल्टन यांच्या योजनेत नेमकी तीच बाजू लंगडी होती.

अमिताव घोष यांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या द हंग्री टाइड या कादंबरीमुळे हॅमिल्टन यांचे नाव इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचले. त्याआधी वर्षभर त्यांच्या भाषणांचा आणि लेखांचा संग्रहही प्रकाशित झाला होता. गोसाब्यात लाकडी खांबांवर उभा असलेला त्यांचा बंगला पाहायला पर्यटक जातात.

बेटांचा प्रश्न मात्र तेवढ्यावर संपत नाही. बांधाने भरतीचे पाणी अडते, तसा गाळही अडतो. त्यामुळे बांधाच्या आतली जमीन उंचावत नाही, बाहेर नदीचे पात्र मात्र भरत जाते. शंभर वर्षांपूर्वी घातलेल्या बांधांनी बेटांना शेती दिली आणि कायमची जोखीमही दिली. मे २००९मध्ये आयला वादळाने आणि मे २०२०मध्ये अम्फानने हे बांध फोडले, शेतांत मीठ साचले आणि असंख्य तरुण रोजगारासाठी केरळ, तमिळनाडूसारख्या दूरच्या राज्यांकडे निघाले. घरी राहिलेल्यांना जाळी, बियाणे किंवा शिलाई यंत्र घ्यायचे तर आजही कर्ज लागते आणि ते कोणत्या अटींवर मिळते यावर त्यांचे पुढचे वर्ष अवलंबून असते. हॅमिल्टन यांनी १९१५मध्ये १५ सभासदांपुढे मांडलेला प्रश्न हाच होता. त्यांच्या उत्तराचा अर्धा भाग, माणसाच्या कष्टावर विश्वास ठेवून पत द्यावी हा, काळाने खरा ठरवला आहे. उरलेला अर्धा, म्हणजे ती पत सांभाळण्याचा अधिकारही त्याच माणसांच्या हाती द्यावा, हे काम त्यांच्या मागून आलेल्यांच्या वाट्याला आले.